ऑनलाइन दुकानातील आपोआप चालणारी कामे वारंवार थांबतात तेव्हा

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत पापड, मसाले, केळीचे वेफर्स आणि कापड विकणाऱ्या लहान ऑनलाइन दुकानांची तांत्रिक देखभाल मी करतो. त्यांतील बहुतेक दुकाने वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवणाऱ्या प्रणालीवर वू-कॉमर्स हे विक्रीचे सॉफ्टवेअर बसवून उभारलेली आहेत आणि त्यांच्याकडून एक तक्रार सतत येत राहते: कालपर्यंत आपोआप होत असलेले काम आज होत नाही. अशा वेळी ते काम कधी आणि कोणासाठी करायचे हे सांगणारा नियमच बिघडला असे समजून बहुतेक दुकानदार तो पुसून नव्याने लिहितात किंवा त्याच कामासाठी आणखी एक प्लगइन, म्हणजे जोड-प्रोग्रॅम, बसवतात. मला मात्र नियम बिघडलेला क्वचितच आढळला आहे. बहुधा त्या नियमाला वेळेवर हाक मारणारी व्यवस्था थांबलेली असते, किंवा काम पूर्ण होऊनही त्याचा निरोप पुढे पोहोचत नसतो. या दोन बिघाडांवरचे उपाय पूर्णपणे वेगळे आहेत, त्यामुळे काहीही बदलण्यापूर्वी आपला बिघाड कोणता ते ओळखणे आवश्यक आहे.

लक्षणे

ऑर्डर आल्यानंतर ग्राहकाला जाणारा संदेश तासन्‌तास जात नाही, आणि दुकानदाराने स्वतः संकेतस्थळ उघडले की मागचे चार-पाच संदेश एकदम निघतात. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) पहाटे सुरू व्हायची सवलत दुपारपर्यंत लागत नाही, किंवा सण उलटून गेल्यावरही उतरत नाही. पैसे न भरलेल्या ज्या ऑर्डरी ठरलेल्या वेळेनंतर रद्द व्हायला हव्यात, त्या यादीत साचत जातात. दुकानातील हिशेबाच्या संगणकावर उडीद पापडाचा साठा वीस किलो दिसतो आणि संकेतस्थळावर तोच माल संपलेला दिसतो. काही दुकानांत नेमके उलटे घडते आणि एकच संदेश ग्राहकाला दोनदा जातो. वर्डप्रेसच्या व्यवस्थापन पानावर मुदत टळलेली कामे शिल्लक असल्याची सूचना येत असेल, तर ते सर्वांत स्पष्ट लक्षण समजावे. दुर्दैवाने तीच सूचना सर्वाधिक वेळा न वाचता बंद केली जाते.

तपासणीला बसण्यापूर्वी एका कागदावर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: कोणते काम थांबले, ते शेवटचे नीट कधी झाले, आणि सर्व ऑर्डरींचे थांबले की काहींचेच. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर फार मोलाचे आहे. सर्वच ऑर्डरींचे काम थांबले असेल तर दोष हाक मारणाऱ्या व्यवस्थेत किंवा निरोपाच्या वाटेत शोधावा. काहींचेच थांबले असेल तर त्या ऑर्डरी नियमाच्या अटीत बसत नाहीत, असे आधी गृहीत धरावे.

दुकानातला संगणक चालू आहे का?

ही तपासणी सर्वांत सोपी आहे आणि तिला एक रुपयाही लागत नाही. हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि संकेतस्थळ यांच्यातील साठ्याची देवाणघेवाण बहुतेक लहान दुकानांत एका छोट्या जोडणी-प्रोग्रॅमवर चालते, आणि तो प्रोग्रॅम गल्ल्याजवळच्या संगणकावर बसवलेला असतो. वीज गेली, संगणक पुन्हा सुरू केला, पण तो प्रोग्रॅम उघडायचा राहिला, की साठा त्या क्षणी होता तिथेच गोठतो. संगणक काही वेळाने आपोआप झोपी जाईल अशी रचना असेल तरी तेच होते. संकेतस्थळाच्या बाजूने पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही, कारण तिथे सर्व काही सुरळीत असते. येणारा आकडाच आलेला नसतो. झोपी जाण्याची रचना बंद करावी, संगणक सुरू होताच जोडणी-प्रोग्रॅम आपोआप उघडेल अशी सोय करावी आणि त्या संगणकाला इन्व्हर्टरचा किंवा यूपीएसचा आधार द्यावा. उन्हाळ्यात, म्हणजे पापड-बिबड्यांचा हंगाम भरात असतो तेव्हाच, विजेचा लपंडावही वाढतो, म्हणून हे काम फाल्गुनापूर्वी उरकून घेतलेले बरे.

घड्याळ भारताचे आहे का?

वर्डप्रेसच्या सर्वसाधारण सेटिंगमध्ये वेळेचा पट्टा निवडावा लागतो. तो निवडलेला नसेल तर संकेतस्थळ जागतिक प्रमाणवेळेनुसार चालते, आणि ती वेळ आपल्यापेक्षा ५ तास ३० मिनिटे मागे आहे. त्यामुळे सकाळी ६ वाजता लावलेले काम आपल्या घड्याळात ११:३० वाजता होते. उशीर दर वेळी बरोबर साडेपाच तासांचाच असेल तर पुढे काहीही तपासू नये. कोलकाता हा पट्टा निवडावा आणि दुसऱ्या दिवशी पाहावे.

ती ऑर्डर नियमाच्या अटीत बसते का?

काही ऑर्डरींबाबतच काम होत नसेल तर अट शब्दशः वाचावी. आपल्या भागात ही चूक सर्वाधिक पिनकोडांच्या बाबतीत होते. जळगाव जिल्ह्यासाठी मोफत घरपोच सेवा द्यायची म्हणून ‘४२५ ने सुरू होणारे सर्व पिनकोड’ अशी अट लिहिली जाते, कारण जळगाव शहराचा पिनकोड ४२५००१ आणि भुसावळचा ४२५२०१ आहे. परंतु चाळीसगाव ४२४१०१, भडगाव ४२४१०५ आणि पाचोरा ४२४२०१ ही गावे जळगाव जिल्ह्यात असूनही त्यांचे पिनकोड ४२४ ने सुरू होतात, जसा धुळे शहराचा ४२४००१ होतो. उलट धुळे जिल्ह्यातील शिरपूर ४२५४०५ आणि दोंडाईचा ४२५४०८, तसेच नंदुरबार जिल्ह्यातील शहादा ४२५४०९ आणि खुद्द नंदुरबार ४२५४१२, ही सर्व ४२५ मध्ये येतात. टपाल खात्याचे विभाग आणि जिल्ह्यांच्या सीमा एकमेकींशी जुळत नाहीत, एवढाच याचा अर्थ. चाळीसगावच्या ग्राहकाकडून वाहतूक खर्च आकारला जातो आणि शहाद्याच्या ग्राहकाला तो माफ होतो, तेव्हा यंत्रणा सांगितले तेच करत असते. अशा अटीत पिनकोडांची पूर्ण यादी घालावी. वू-कॉमर्स वाहतुकीचे विभाग वरून खाली वाचते आणि जो पहिला जुळेल तोच लावते, म्हणून अरुंद विभाग वर आणि ‘उर्वरित महाराष्ट्र’ खाली ठेवावा.

कामांची रांग वाचणे

येथपर्यंत दोष सापडला नाही तर वू-कॉमर्सच्या ‘स्टेटस’ पानावरील ‘शेड्यूल्ड ॲक्शन्स’ हा विभाग उघडावा. दुकानाची बहुतेक पार्श्वभूमीतील कामे येथे रांगेने नोंदलेली असतात, आणि संपूर्ण तपासणीत हे पान सर्वांत उपयोगी आहे, कारण बिघाड कोणत्या टप्प्यावर झाला ते येथे उघड दिसते.

प्रलंबित कामांची संख्या मोठी असून त्यांची नेमलेली वेळ उलटून गेली असेल, तर कामांना हाकच मारली गेलेली नाही. अशा वेळी पुढच्या भागाकडे जावे. अयशस्वी कामांची संख्या वाढत असेल, तर हाक मारली गेली पण काम मध्येच कोसळले. त्या कामाच्या नोंदीत कारण लिहिलेले असते, आणि ते इंग्रजी वाक्य समजले नाही तरी जसेच्या तसे उतरवून ठेवावे. काम पूर्ण झाल्याची नोंद असूनही ग्राहकाला संदेश मिळालेला नसेल, तर संकेतस्थळाने आपले काम केलेले आहे आणि दोष बाहेर आहे. पूर्ण झालेल्या कामांच्या नोंदी साधारणपणे ३० दिवसांनंतर पुसल्या जातात, त्यामुळे दोन महिन्यांपूर्वीच्या तक्रारीचा माग येथे लागत नाही. तक्रार आली की त्याच आठवड्यात पाहावे.

आणखी एक गोष्ट येथे माहीत असायला हवी. ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा होणारे एखादे काम सलग पाच वेळा फसले, तर ही यंत्रणा त्याची पुढची वेळ लावणेच थांबवते. परिणामी मूळ कारण दूर केल्यानंतरही ते काम आपोआप परत सुरू होत नाही. ज्या प्लगइनचे ते काम आहे त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ते पुन्हा चालू करावे लागते. ‘दुरुस्ती केली तरी फरक पडला नाही’ अशा अनेक तक्रारींच्या मुळाशी मला हेच सापडले आहे.

हाक मारणारी घंटा

वर्डप्रेसकडे स्वतःचे चालते घड्याळ नाही. कोणी संकेतस्थळाचे पान उघडले की वर्डप्रेस वेळ झालेल्या कामांची यादी पाहते आणि स्वतःलाच एक विनंती पाठवून ती कामे सुरू करते. या व्यवस्थेला डब्ल्यूपी-क्रॉन म्हणतात. शाळेच्या घंटेसारखी ती ठरल्या वेळी वाजत नाही. दाराला कोणाचा धक्का लागला तरच वाजणाऱ्या घंटेसारखी ती आहे. मोठ्या दुकानात दर मिनिटाला कोणी ना कोणी येत असल्याने हा फरक जाणवत नाही. आपल्याकडच्या लहान दुकानात मात्र मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत कोणीही फिरकत नाही, आणि रात्री २ वाजताचे काम सकाळी पहिला ग्राहक येईपर्यंत तसेच पडून राहते. दुकानदाराने स्वतः पान उघडताच अडलेले संदेश का निघतात, त्याचेही उत्तर हेच आहे.

याहून फसवा प्रकार कॅशिंगचा. संकेतस्थळ वेगवान व्हावे म्हणून कॅशिंग बसवले की ग्राहकाला पानाची आधीच तयार असलेली प्रत दिली जाते आणि वर्डप्रेसला जागे होण्याची गरजच पडत नाही. ग्राहक येत राहतात, घंटा मात्र वाजत नाही. कामे थांबण्याच्या आदल्या आठवड्यात कोणी वेग वाढवण्याचे प्लगइन बसवले होते का, हा प्रश्न म्हणूनच मी आवर्जून विचारतो.

तिसरे कारण म्हणजे स्वतःलाच पाठवलेली ती विनंती अडणे. संकेतस्थळाला पासवर्डचे कुलूप लावलेले असेल किंवा सुरक्षेच्या प्लगइनने सर्व्हरचा स्वतःचाच पत्ता अडवला असेल, तर घंटा वाजूनही आत कोणाला ऐकू जात नाही. वर्डप्रेसच्या ‘टूल्स’मधील ‘साइट हेल्थ’ या पानावर याची चाचणी आपोआप होते आणि उशिरा चालणाऱ्या कामांचीही नोंद तेथे दिसते.

पहिल्या दोन्ही कारणांवर टिकाऊ उपाय एकच आहे. वर्डप्रेसची स्वतःची घंटा डब्ल्यूपी-कॉन्फिग या फाइलमधील एका ओळीने बंद करायची, आणि होस्टिंगच्या, म्हणजे संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर ठेवले आहे त्याच्या, नियंत्रण पानावरील क्रॉन जॉबमधून (सर्व्हरच्या स्वतःच्या घड्याळावर चालणाऱ्या सोयीतून) दर पाच किंवा दहा मिनिटांनी डब्ल्यूपी-क्रॉनच्या फाइलला हाक मारायची. यासाठी वेगळा खर्च बहुधा लागत नाही. क्रम मात्र सांभाळावा: आधी होस्टिंगवरचे क्रॉन लावावे, ते खरोखर चालते याची खात्री रांगेच्या पानावर करून घ्यावी, आणि मगच आतील घंटा बंद करावी. एका दुकानात हे उलट्या क्रमाने केले गेले आणि बाहेरच्या क्रॉनच्या पत्त्यात एक अक्षर चुकले होते. आठ दिवस एकही काम झाले नाही आणि तोवर कोणाच्या लक्षातही आले नाही. त्या फाइलमध्ये हात घालण्यापूर्वी तिची प्रत काढून ठेवावी, कारण एका चुकलेल्या चिन्हाने संपूर्ण दुकान बंद पडू शकते. हे काम पूर्वी कधी केलेले नसेल तर होस्टिंग कंपनीच्या मदत विभागाकडून करवून घ्यावे.

साचलेली रांग सोडण्यापूर्वी

घंटा दुरुस्त झाली की रांगेत साचलेली सर्व कामे एकामागून एक सुटतात. काम सुरू झाले या आनंदात आपण हे विसरतो, आणि माझ्या हातूनही एकदा हे घडले आहे. मसाल्याच्या एका दुकानात तीन आठवडे अडकलेली रांग मी न वाचता सोडली. ज्यांना माल मिळून पंधरा दिवस झाले होते त्यांना ‘तुमचे पार्सल आज निघाले’ असे संदेश गेले, आणि ज्यांनी ऑर्डर रद्द केली होती त्यांना पैसे भरण्याची आठवण गेली. ते दुकान चालवणाऱ्या ताईंना पुढचे दोन दिवस ग्राहकांचे फोन घेत माफी मागावी लागली, आणि तो दोष पूर्णपणे माझा होता. तेव्हापासून घंटा सुरू करण्यापूर्वी मी रांग वाचतो, ग्राहकाकडे काहीही पाठवणारी मुदत टळलेली कामे रद्द करतो, आणि केवळ साठा व हिशेबाशी संबंधित कामेच चालू देतो. वाचकांनीही एवढे नक्की करावे.

काम झाले, निरोप पोहोचला नाही

एसएमएसच्या बाबतीत भारतात प्रेषकाचे नाव आणि संदेशाचा साचा आधी डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेत नोंदवावा लागतो, आणि पाठवलेला मजकूर नोंदवलेल्या साच्याशी जुळला नाही तर दूरसंचार कंपनी तो अडवते. दुकानदाराने ‘धन्यवाद’च्या जागी ‘आभारी आहोत’ केले तरी संदेश बंद पडतो आणि संकेतस्थळावर काम पूर्ण झाल्याचीच नोंद राहते. १ ऑक्टोबर २०२४ पासून संदेशातील दुवाही आधी नोंदवलेला असणे बंधनकारक झाले आहे, त्यामुळे पार्सलचा माग दाखवणारा दुवा बदलला असेल तर तेही तपासावे. देवनागरी संदेशाचा एक भाग ७० अक्षरांचा असतो, तर साध्या इंग्रजी अक्षरांतील संदेशाचा १६० अक्षरांचा. मराठी संदेश लांबला की तो दोन-तीन संदेश म्हणून मोजला जातो आणि शिल्लक अपेक्षेपेक्षा लवकर संपते. म्हणून सेवादात्याकडील शिल्लक सर्वांत आधी पाहावी.

ईमेलचे कारण बहुधा वेगळे असते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम या, मेल खरोखर त्याच संकेतस्थळाच्या नावाने आला आहे हे पटवणाऱ्या, ओळखीच्या नोंदींची अपेक्षा केली जाते. दुकानाचे जीमेल खाते ‘प्रेषक’ म्हणून लावून होस्टिंगच्या सर्व्हरवरून मेल पाठवले तर ते स्पॅममध्ये जाण्याची शक्यता मोठी. आपल्या संकेतस्थळाच्या नावाचाच पत्ता प्रेषक म्हणून वापरावा आणि मेल एसएमटीपीमार्गे, म्हणजे खात्यात लॉगिन करून मेल-सर्व्हरवरून, पाठवावा.

कुरिअर किंवा हिशेबाच्या सेवेला ऑर्डरची खबर देणारा वेबहुकही तपासावा. समोरच्या सर्व्हरकडून पाचाहून अधिक वेळा सलग अपयश आले की वू-कॉमर्स तो वेबहुक स्वतःच बंद करते. समोरचा सर्व्हर एक रात्र बंद असला तरी हे घडू शकते, आणि तो परत सुरू झाल्यावर आपला वेबहुक बंदच राहतो. तो हाताने पुन्हा ‘ॲक्टिव्ह’ करावा आणि मधल्या ऑर्डरी हाताने पाठवाव्यात.

संदेश दोनदा जात असतील तर

एकच काम करणारी दोन प्लगइन आहेत का, ते आधी पाहावे. तसे नसेल तर चाचणीसाठी काढलेली संकेतस्थळाची प्रत कुठे जिवंत राहिली आहे का, ते शोधावे. प्रत काढताना कामांची रांग आणि ग्राहकांचे पत्तेही तिच्यासोबत जातात, आणि विसरलेली ती प्रत खऱ्या ग्राहकांना संदेश पाठवत राहते. संकेतस्थळ ज्याने बांधले त्याला विचारल्याशिवाय ही प्रत सहसा सापडत नाही.

प्लगइन एकेक बंद करून पाहणे हा शेवटचा घरगुती उपाय आहे. तो चालू दुकानावर करू नये. चाचणीच्या प्रतीवर, आणि त्या प्रतीचे बाहेर जाणारे संदेश आधी बंद करून मगच करावा.

येथे थांबावे

पैशाचा प्रश्न आला की स्वतःची दुरुस्ती थांबवावी. ग्राहकाच्या खात्यातून रक्कम गेली आहे आणि ऑर्डर ‘प्रलंबित’ किंवा ‘रद्द’ दिसते, असे एकापेक्षा अधिक ऑर्डरींत आढळले, तर पेमेंट सेवेच्या मदत विभागाला व्यवहार क्रमांकांसह त्याच दिवशी कळवावे. वू-कॉमर्समध्ये पैसे न भरलेली ऑर्डर मूळ रचनेनुसार ६० मिनिटांनंतर रद्द होते. पैसे मिळाल्याची खबर त्या वेळेत आली नाही तर पैसे भरलेली ऑर्डरही रद्द होते, आणि अशा ऑर्डरींची स्थिती अंदाजाने बदलत गेल्यास नंतर हिशेब जुळत नाही.

जीएसटी बिलांचे क्रमांक आपोआप पडत असतील आणि त्यांत खंड किंवा पुनरावृत्ती दिसली, तर क्रमांक स्वतः दुरुस्त करू नयेत. बिलाचा क्रमांक सलग असणे, त्या आर्थिक वर्षात एकदाच येणे आणि १६ अक्षरांच्या आत असणे नियमाने आवश्यक आहे. १ एप्रिलला मालिका बदलताना हा गोंधळ बहुधा होतो. तो आधी सीएंना दाखवावा आणि मग तंत्रज्ञाला.

रांगेत हजारो कामे साचून व्यवस्थापन पानच उघडेनासे झाले असेल, डेटाबेसच्या तक्त्यांतून काही पुसण्याची वेळ आली असेल, किंवा एकाच कामाची तीच चूक दोन वेळा दुरुस्त करूनही परतली असेल, तर माहीतगार तंत्रज्ञाला बोलवावे. त्याला सुरुवातीला लिहिलेला कागद, रांगेतील अयशस्वी कामाची उतरवलेली नोंद, मागील पंधरा दिवसांत बसवलेल्या किंवा अद्ययावत केलेल्या प्लगइनची यादी, आणि ताज्या बॅकअपची तारीख द्यावी. बॅकअप नसेल तर तेही त्याला पहिल्याच वाक्यात सांगावे, म्हणजे तो कामाची सुरुवात बॅकअपपासून करेल.